अकरावा ठिपका

"मुकादम, आज सकाळपासून तुम्ही किती वेळा बोललात, काही अंदाज?"

सामंत मॅडमनी हा प्रश्न केला तेव्हा मी नळाखाली हात धूत होतो. भट्टी नुकतीच शांत झाली होती आणि ओतलेल्या साच्यांतून निळसर वाफा निघत होत्या.

"तीस-चाळीस वेळा तरी बोललो असेन," मी म्हणालो. आकडा मी मुद्दाम थोडा कमी सांगितला होता, कारण विनय हा गुणी मनुष्याचा अलंकार आहे असे माझ्या वाचनात आले होते.

त्यांनी आपली वही माझ्यासमोर धरली. निळ्या शाईने आखलेल्या तक्त्यात पहिल्या ओळीला क्रमांक एक, म्हणजे मी. त्यापुढे 'दिलेल्या सूचना' या मथळ्याखाली एक वाटोळे, सुबक शून्य काढलेले होते.

"साडेतीन तास मी डोळ्यांत तेल घालून बसले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही एक शब्दही उच्चारला नाहीत. मला याचं नवल वाटतंय."

त्यांना नवल वाटले, आणि मला मात्र भीती वाटली. शून्य या आकृतीशी माझा परिचय जुना होता. इयत्ता नववीनंतर माझे शिक्षण खंडित झाले, त्यास जी कारणे घडली त्यांत बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेवरील या आकृतीचा वाटा मोठा होता.

माझी भीती वाचकांस कळावी म्हणून थोडी पूर्वपीठिका देणे अगत्याचे आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे शेठ भाऊसाहेब मगदूम यांची बिडाच्या ओतकामाची फौंड्री होती. मी, हिंदुराव शिंगे, तेथे तेरा वर्षे मुकादम होतो. त्या वर्षी आमचे सुपरवायझर निवृत्त होऊन मिरजेस गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. त्या जागेबरोबर पत्र्याची एक केबिन होती, टेबल होते, आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची होती. ज्या मनुष्याने तेरा वर्षे उभ्याने काढली आहेत त्यालाच त्या खुर्चीचे मोल कळेल.

त्याच सुमारास पुण्याच्या एका व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापिका डॉक्टर नीलांबरी सामंत यांचे कारखानदारांपुढे व्याख्यान झाले. कामाच्या जागी माणसे कोणाचे ऐकतात आणि का ऐकतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. शेठ त्या व्याख्यानाने इतके भारावले की त्यांनी मॅडमना पंधरा दिवस फौंड्रीत येऊन अभ्यास करण्याचे आमंत्रण दिले. मग मला बोलावून म्हणाले, "हिंदुराव, मॅडमचा अहवाल येऊ दे. पुढारपण तुमच्यात हाय असं त्यातनं निघालं, तर केबिनची चावी तुमची. न्हाई निघालं, तर सांगलीचा एक डिप्लोमावाला इंजिनियर बघून ठेवलाय. एक तारखेला हजर हुईल."

मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हा सर्वांस एकत्र बसवून सांगितले होते की, प्रत्येकाला एक क्रमांक मिळेल, ज्याचा क्रमांक त्यालाच ठाऊक असेल, आणि अहवालात कोणाचेही नाव येणार नाही. "शेठनी विचारलं तरी माझ्या तोंडून नाव जाणार नाही. सांगायचं झालं तर ज्याचं त्यानं सांगावं." शेठनाही एक क्रमांक दिलेला होता.

भट्टीवरचे इलाहीभाई म्हणाले, "मॅडम, मला सात नंबर द्या. माझी एसटी बी सात नंबरच्याच फलाटाला लागती."

"आता तो सगळ्यांना कळला," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दुसरा द्यावा लागेल."

आमच्याकडे ओतकाम सोमवारी आणि गुरुवारी होई. इतर दिवशी साचे तयार करायचे. ते शून्य मला सोमवारी मिळाले, म्हणजे ते पुसण्यासाठी माझ्या हाती तीन दिवस होते. मॅडमच्या व्याख्यानाचे एक छापील टिपण शेठनी मला दिले होते. 'उत्तम नेत्याची सात लक्षणे' असे त्याचे शीर्षक. मंगळवारी आणि बुधवारी जेवणाच्या सुटीत मी ते मुखोद्गत केले. पहिले लक्षण, नेता स्पष्ट शब्दांत सूचना देतो. दुसरे, नेता चांगल्या कामाचे जागच्या जागी कौतुक करतो. तिसरे, नेता सहकाऱ्यांच्या घरची आस्थेने विचारपूस करतो. उरलेली चार लक्षणे अंमळ कठीण होती, तेव्हा ती मी पुढील सोमवारकरिता राखून ठेवली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला भट्टीचे तोंड फोडून लोखंडाची धार सोडली. भट्टीच्या पंख्याची घरघर अशी असते की कानाशी ओरडल्याशिवाय शब्द पोचत नाही. त्या गोंगाटात रंगराव आणि त्याचा जोडीदार वितळलेल्या लोखंडाने भरलेले डावले दांड्यांवर पेलून साच्यांच्या रांगेकडे निघाले. मॅडम खांबाजवळच्या स्टुलावर वही उघडून बसल्या होत्या. मी छाती भरून श्वास घेतला.

"रंगराव, शाब्बास," मी गर्जना केली.

रंगराव जागच्या जागी थबकला. डावल्यातले लोखंड हिंदकळले. "काय झालं?"

"काही नाही. उत्तम चालले आहे."

"मग वरडालाय कशाला?"

"कौतुक करतो आहे."

"वतून झाल्यावर करा की," रंगराव म्हणाला. जोडीदाराकडे बघून त्याने भुवई उडवली, ती मला दिसली. परंतु मॅडमची लेखणीही हललेली दिसली, त्यामुळे मला हुरूप आला. मी भट्टीकडे वळलो.

"इलाहीभाई, घरी सर्व क्षेम आहे ना?"

इलाहीभाईंचा चेहरा भट्टीच्या उजेडातही पांढरा पडलेला मला दिसला. हातातली पहार खाली ठेवून ते धावत आले. "का? घरनं फोन आला काय? अम्मीचं काय झालं?"

"अहो, काही झालेले नाही. मी सहज विचारपूस केली."

"आता? तोंड फोडल्याव?" इलाहीभाई कपाळाला हात लावून परत गेले. जाताना जे पुटपुटले ते पंख्याच्या कृपेने मला ऐकू आले नाही.

मी खचलो नाही. डावीकडच्या रांगेला सूचना दिल्या, उजवीकडच्या रांगेला सूचना दिल्या. ज्यांना तेरा वर्षांत काम सांगावे लागले नव्हते त्यांना ते नव्याने समजावून सांगितले. ओरडून घसा बसला आणि घामाच्या धारा डोळ्यांत उतरू लागल्या. तेव्हा मी खांद्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसले आणि डोके तापले होते म्हणून तो तसाच डोक्यावर टाकला.

येथे वाचकांस त्या टॉवेलाविषयी सांगणे भाग आहे. आमच्या फौंड्रीत आवाजाने काम होत नसे. मुकादमाचा टॉवेल डाव्या खांद्यावर आला की डावी रांग ओतायची, उजव्यावर गेला की उजवी. गळ्याभोवती आला की धार बारीक करायची. आणि टॉवेल डोक्यावर गेला की सर्वांनी थांबायचे. कोणी विचारायचे नाही, कोणी हलायचे नाही, कारण डोक्यावरचा टॉवेल म्हणजे कोठेतरी धोका आहे. ही रीत मला माझ्या आधीच्या मुकादमांनी, म्हादबा वाडकरांनी दिली होती. त्यांना कोणी दिली ते ठाऊक नाही.

संपूर्ण फौंड्री छायाचित्रासारखी स्तब्ध झाली. रंगराव एक पाय उचललेल्या स्थितीत थांबला. इलाहीभाईंनी भट्टीच्या तोंडाला मातीचा गोळा मारून धार बंद केली.

"थांबलात का?" मी ओरडलो. "चालू द्या."

कोणी हलले नाही.

"मी सांगतो आहे, ओता."

रंगराव माझ्या डोक्याकडे बघत उभा होता. त्याला एकीकडे माझे तोंड ओता म्हणत होते आणि दुसरीकडे टॉवेल थांब म्हणत होता, आणि तेरा वर्षांत टॉवेलाने त्याला एकदाही फसवले नव्हते. डावल्यातल्या लोखंडाचा रंग पिवळ्याचा केशरी झाला, केशरीचा तांबडा झाला. मी आणखी मोठ्याने ओरडू लागलो. ते आणखी घट्ट उभे राहिले.

शेवटी मातीच्या ढिगाजवळून हौसाक्का उठली. हौसाक्का कांबळे साठीच्या घरात आलेली, चाळणीवर साच्यांची माती चाळणारी बाई. तिने सावकाश येऊन माझ्या डोक्यावरचा टॉवेल ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

"हिंदू, हे आधी खाली घे. मग बोंबल," ती म्हणाली आणि परत चाळणीपाशी जाऊन बसली.

तोपर्यंत दोन डावली गोठली होती. अडतीस साचे वाया गेले. शेठ वरच्या केबिनच्या काचेतून हे सारे बघत होते. ते खाली आले नाहीत. त्यांनी काचेचा पडदा ओढून घेतला, आणि ते मला अधिक लागले.

दुपारी मी मॅडमना गाठले. त्या फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर एकट्याच उभ्या होत्या.

"मॅडम, आजचा दिवस वहीतून वगळता येईल काय?"

"नाही येणार, हिंदुराव. आज तुम्ही एकशे बारा वेळा बोललात."

"हा आकडा तरी चांगला आहे?"

"आणि अडतीस साचे गेले." त्या गंभीर राहण्याचा प्रयत्न करीत होत्या, परंतु त्यांना हसू आवरले नाही. मग कप ठेवून म्हणाल्या, "हे लिहावं लागेल. पण त्यात आधी माझी चूक लिहीन. मी तुम्हाला ते शून्य दाखवायलाच नको होतं. ती वही बघून तुम्ही बदललात. शिवाय ती सात लक्षणं माझीच आहेत. बारा वर्षं मी वर्गात सांगतेय की बोलतो तो नेता. सोमवारी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि सगळं सुरळीत झालं. आज बोललात आणि हे असं झालं. मग मी बारा वर्षं काय मोजत होते?"

त्यांनी पिशवीतून टिपणाची आपली प्रत काढली आणि पहिल्या लक्षणावर सरळ रेघ मारली. ज्यांना पुण्यात मोठमोठे साहेब पैसे भरून ऐकतात, त्या बाईंनी चहाच्या गाड्यावर उभे राहून स्वतःचे लिहिलेले खोडले. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

"सोमवारी नेहमीसारखं ओता," त्या म्हणाल्या. "मी कान बंद ठेवते. यावेळी फक्त डोळे मोजते. कोण कोणाकडे बघतं, एवढंच."

सोमवारी मी तोंड मिटून टॉवेल खांद्यावर घेतला आणि सारे ओतकाम पाण्याच्या धारेसारखे पार पडले. रंगरावाने जाताजाता विचारले, "आज कौतुक न्हाई व्हय?" मी त्याला कोपराने ढकलले. तो प्रसन्न झाला.

मंगळवारी मॅडमनी मला एक मोठा कागद दाखवला. त्यावर फौंड्रीचा नकाशा काढून जागोजागी ठिपके दिले होते. ठिपका म्हणजे माणूस, बाण म्हणजे नजर. सर्व ठिपक्यांतून बाण निघून मधल्या एका ठिपक्यावर येत होते, आणि त्या ठिपक्याचा क्रमांक एक होता. सूर्याभोवती किरणे असावीत तसे ते चित्र दिसत होते, फक्त किरणे आत येणारी होती. माझा ऊर भरून आला.

"म्हणजे पुढारपण निघाले म्हणायचे?"

"निघालं. सगळे तुमच्याकडे बघतात. शेठना हे चित्र दिलं की त्यांचं समाधान होईल. पण तुमच्यातून एक बाण बाहेर जातो, तो बघितलात का?"

एक जाड बाण माझ्या ठिपक्यातून निघून उत्तरेच्या कोपऱ्यात गेला होता. तेथे अकरा क्रमांकाचा ठिपका होता.

"तुम्ही काल एकोणीस वेळा टॉवेल हलवलात," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी सतरा वेळा तुम्ही इकडे बघितलंत."

"तिकडे भिंतीवर घड्याळ आहे, मॅडम."

"ते बंद आहे. पहिल्या दिवसापासून सव्वाचार वाजलेत."

"कॅलेंडर असेल."

"मागच्या वर्षीचं आहे."

मी विचारात पडलो. "आणि उरलेल्या दोन वेळा?"

"त्या दोन्ही वेळा अकरा नंबर पाणी प्यायला गेला होता. तुम्ही तो परत येईपर्यंत टॉवेल हलवलाच नाहीत. रंगराव डावलं घेऊन ताटकळला होता." मग कागदाची घडी घालीत त्या म्हणाल्या, "तो कोण, ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय."

सांगण्याची आवश्यकताही उरली नव्हती. मी तडक उत्तरेच्या कोपऱ्यात गेलो. हौसाक्का चाळणी झटकीत बसली होती. शेजारी दोन बायका माती कालवीत होत्या.

"अक्का, मॅडमनी तुला कितवा नंबर दिलाय गं?"

"अकरा. का रं?"

"मी वतताना तुझ्याकडं बघतो काय?"

शेजारच्या बायका हसू दाबण्यासाठी पदर तोंडाला लावू लागल्या. अक्का म्हणाली, "बघतोस की. पर ह्या वयात इचारतोस व्हय?"

"थट्टा नगं. खरं सांग. कशाला बघतो मी?"

तिने चाळणी बाजूला ठेवली. "मला वाटलं तुला ठावं हाय. आरं, ह्या कडंच्या साच्याच्या गालाला मी हाताची पाठ लावून बघते. गार लागला तर माती अजून वली हाय. त्यात लोखंड गेलं की उकळी फुटतीया, नगात भोकं पडत्यात. उबदार लागला म्हंजी रांग तयार. मग मी उठून हात झटकते. मी उठले की तुझा टॉवेल हलतोय. म्हादबा मुकादम व्हता तवा त्यो बी असाच बघायचा."

"त्यांना ठाऊक व्हतं?"

"त्येला बी न्हाई. त्यो म्हनायचा, मला लोखंडाचा रंग बघून उमगतंय." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी तेच म्हनतोस न्हवं?"

मी तेच म्हणत असे. तेरा वर्षे, ज्याला त्याला, छातीवर हात ठेवून.

"अक्का, शेठ उद्या अहवाल बघणार. तुझं नाव सांगू?"

"सांग, न्हाईतर नगं सांगूस. तुझी खुर्ची हाय, तुझं तू बघ. मला काय, माती ती माती," ती म्हणाली आणि चाळणी पुन्हा हातात घेतली.

बुधवारी सकाळी शेठनी मला आणि मॅडमना आपल्या वरच्या केबिनमध्ये बोलावले. सुपरवायझरच्या केबिनची चावी टेबलावर पेपरवेटशेजारी ठेवलेली होती. ती मला दिसावी अशाच जागी ती ठेवली होती. शेठ त्या नकाशावर वाकून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

"हे सगळे बाण येत्यात, ह्यो एक नंबर म्हंजी मुकादम. त्यात काय शंका न्हाई." ते माझ्याकडे बघून हसले. गुरुवारचा पडदा त्यांच्या मनातून दूर झालेला दिसला. "आणि मुकादमातनं एक बाण जातोय. ह्यो अकरा कोण, मॅडम?"

"क्रमांकामागचं नाव मी सांगू शकत नाही, शेठ."

"माझा नंबर कितवा, ते तरी?"

"ते सांगितलं तर मग इतरांचाही अंदाज करता येईल."

शेठनी पुन्हा नकाशा बघितला. त्यांचे बोट उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. मग त्यांनी मान वर करून स्वतःच्या केबिनच्या काचेकडे बघितले, कारण त्यांची केबिन नेमकी त्याच कोपऱ्याच्या वर होती. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. "हिंदुराव, तुम्ही कवा बोलला न्हाईसा. म्हंजी टॉवेल हलवायच्या आधी दर वेळी वर काचेकडं बघता. मी उभा हाय का न्हाई ते."

मॅडमनी माझ्याकडे बघितले नाही. त्या आपल्या वहीकडे बघत होत्या. त्यांनी शब्द दिला होता, आणि मला तर कोणी काही विचारलेच नव्हते. गप्प बसणे एवढेच माझे काम होते, आणि त्या कामात माझ्याइतका वाकबगार मनुष्य शिरोलीत दुसरा नव्हता. शेठनी चावी उचलली.

"तेरा वर्सं," शेठ कौतुकाने मॅडमना म्हणाले. "माणूस तेरा वर्सं मालकाची नजर बघून काम करतोय आणि मालकालाच ठावं न्हाई. उत्तरंला दुसरं हाय तरी काय? खाली तर नुसती माती."

चावी माझ्या दिशेने येत होती. मी हात पुढे केलाही होता. परंतु 'नुसती माती' हे शब्द कानी पडले आणि तो हात तेथेच राहिला.

"शेठ," मी म्हणालो, "अकरा नंबर म्हणजे हौसाक्का."

शेठ हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. "कोण?"

"माती चाळणारी. ती साच्याला हात लावून बघते. ती उठली की मी टॉवेल हलवतो. मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

शेठ उठून काचेशी गेले आणि खाली बघत राहिले. खाली अक्का चाळणी हलवत होती.

"वरनं हितनं मी रोज बघतोय," ते म्हणाले. "मला कसं न्हाई दिसलं?"

"तिचा फक्त डोक्यावरचा पदर दिसतो इथून," मॅडम म्हणाल्या. "खाली बसून बघावं लागतं."

शेठ माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही, हिंदुराव. न बोलता चावी मिळत हुती की."

"मिळत होती. पण अक्का चार दिवस आजारी पडली, तर त्या खुर्चीत बसून मी बघणार कोणाकडे?"

शेठनी चावी मला दिली नाही. ती त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. "उद्याचं वतकाम मी खाली बसून बघतो. मग ठरवू." एवढे बोलून त्यांनी मला जायला सांगितले. जिना उतरताना मी एकदा मागे वळून त्या खिशाकडे बघितले हे मी नाकबूल करीत नाही.

गुरुवारी शेठ खरोखरच खाली आले. मातीच्या ढिगाजवळ एक लाकडी खोके उलटे करून, पांढऱ्या धोतरासकट त्यावर बसले. मॅडम खांबाजवळ होत्या. भट्टीचे तोंड फोडले. रंगरावाने डावले उचलले. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

आणि माझी मोठी पंचाईत झाली. तेरा वर्षे जे नकळत होत होते ते आता कळून करायचे होते. मी उत्तरेकडे बघितले, आणि माझी दृष्टी हौसाक्कावर अशी खिळली की ती हलेना.

अक्का साच्याला हात लावून बसली होती. तिने वर बघितले आणि पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाली, "असा टक लावून बघू नगंस रं. शेठ बसल्यात हितं. काय म्हनतील?"

शेठच सर्वांत आधी हसले. मग ते खोक्यावरून वाकले आणि आपल्या हाताची पाठ साच्याला लावून बघू लागले. "अक्का, मला तर गारच लागतंय."

"गारच हाय. तवर बसा गुमान," अक्का म्हणाली.

शेठ गुमान बसले. एकीकडे रंगराव डावले पेलून उभा, दुसरीकडे मालक खोक्यावर, मध्ये मी. लोखंडाचा पिवळा रंग उतरण्याआधीच अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तिने हात झटकले. माझा टॉवेल डाव्या खांद्यावर गेला. लोखंड साच्यात उतरले, आणि साच्याच्या दुसऱ्या तोंडातून पिवळेधमक वर येऊन थबकले. एक थेंब उडाला नाही. त्या दिवशीचा एकही नग वाया गेला नाही.

भट्टी शांत झाल्यावर शेठनी धोतर झटकले. खिशातून चावी काढली, माझ्या खांद्यावरच्या टॉवेलाचे टोक घेतले, त्यात ती गाठ मारून बांधली आणि वर निघून गेले. पुढच्या महिन्याच्या हजेरीपत्रकात हौसाक्काच्या नावापुढे 'बिगारी' खोडून 'माती तपासनीस, कायम' असे लिहिलेले आले. त्या केबिनमधली पाठीची खुर्ची मी खाली आणून मातीच्या ढिगाजवळ ठेवली, कारण अक्काचे गुडघे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुने होते. मी स्टूल घेतले.

पण त्या गुरुवारचे एवढे सांगायचे राहिले. मी नळाखाली हात धूत होतो आणि मॅडम पुण्यास निघण्यापूर्वी वही घेऊन आल्या. निळ्या शाईचा तोच तक्ता होता. क्रमांक एक, दिलेल्या सूचना. पहिला सोमवार, शून्य. गुरुवार, एकशे बारा. दुसरा सोमवार, शून्य. त्याखाली त्यांनी एक ओळ हाताने वाढवली होती. बुधवार, शेठची केबिन: एक. आणि शेवटी आजचा दिवस.

हौसाक्का पदराने हात पुसत नळाशी आली. "काय रं, किती पडलं?"

"शून्य."

"मग आज समदं बरूबर झालं," ती म्हणाली, आणि मला बाजूला सारून तिने नळाखाली हात धरले.